खाली अजून आहे

अक्का कुठलीही गोष्ट खालून बघायला सुरुवात करायची. हॉटेलात गेलो की मेन्यूकार्डातली शेवटची ओळ आधी. मिठाईच्या दुकानात काचेच्या कपाटाच्या तळच्या खणात काय आहे, हे वाकून बघितल्याशिवाय वरच्या खणाकडे ती ढुंकूनही बघत नसे. आणि ऑफिसात कोणी नवी स्क्रीन तयार करून दाखवायला आणली, की ती आधी उजवीकडचा स्क्रोलबार पकडून थेट तळाला न्यायची. "वरचे सगळेच सजवतात गे," म्हणायची. "खालचे कोण बघते? मी बघते." आणि खाली काहीतरी राहिलेलं असायचंच. माझं तर हटकून.

मी नाशिकहून चेन्नईला आले ती अड्यारमधल्या एका लहानशा कंपनीत. रक्ततपासणीच्या लॅबमध्ये मशीनशेजारी जो संगणक असतो, त्याच्यावर चालणारे प्रोग्रॅम आम्ही लिहितो. वेबसाइट नाही, मोबाइल अ‍ॅप नाही. साध्या डेस्कटॉपवरच्या खिडक्या, बटणं, रकाने. हे ऐकून माझ्या मैत्रिणींना मी वस्तुसंग्रहालयात नोकरीला लागले असं वाटलं होतं. अक्का तिथली सगळ्यात जुनी. नाव कमला, पण झाडून सगळे तिला अक्का म्हणायचे. माझं आडनाव ऐकताच ती खुर्चीसकट माझ्याकडे वळली. "मराठी कां तू? आम्हीही मराठीच की. तंजावरचे." पुढे जे मराठी तिनं सुरू केलं ते आमच्याकडे आता पणजीही बोलत नसेल. त्यावर पक्का तमिळ हेल, मधेच एखादं 'सरि', मधेच 'अय्यो'. मला हसू आवरेना. ती शांतपणे म्हणाली, "हस, हस. तुमचे मराठी बदलले, आमचे नव्हे." मी तिला अहोजाहो करू लागले, तेही तिनं मोडून काढलं. "अक्कास कोणी तुम्ही म्हणते कां?"

पहिल्याच आठवड्यात मी एक खिडकी केली. तपासण्यांची नावं पुष्कळ, जागा थोडी, म्हणून स्क्रोल एरिया, म्हणजे आतला मजकूर वरखाली सरकवता येणारी चौकट, घेतला आणि सगळ्या ओळी धडाधड त्यातच चिकटवल्या. काही केल्या सरकेना. चाक फिरवून फिरवून बोट दुखलं. अक्का मागे उभी राहून बघत होती. "खिडकी निराळी, अंगण निराळे," ती म्हणाली. "तू कढीपत्त्याचे झाड खिडकीच्या गजांस बांधलेस. ते हलेल कसे? आत आधी एक अंगण घाल, झाडे त्यात लाव, मग खिडकी त्याच्यावर फिरव." म्हणजे आत एक मोठं पॅनेल ठेवायचं, सगळ्या ओळी त्या पॅनेलवर मांडायच्या, आणि स्क्रोल एरियानं फक्त त्याचा एकेक तुकडा दाखवायचा. पुस्तकात हे चार पानं आहे. मला कढीपत्त्यानं कळलं.

दुसरी खोड माझी घाईची. नवी ओळ घातली की लगेच पॅनेल तळाशी नेण्याचा हुकूम सोडायचा. ते नेमकं एक ओळ आधीच थांबायचं आणि नवी ओळ दिसायचीच नाही. अक्का कपाळाला हात लावायची. "त्याची उंची वाढली हे त्याला अजून ठाऊक नव्हे. उगीच पळायला कां लावतेस? एक श्वास घेऊ दे. मग सांग." माणसांशीही ती तशीच वागायची. वाईट बातमी सांगून झाली की ती लगेच धीर द्यायला धावत नसे. शेजारी बसून राहायची.

मात्र एका बाबतीत ती हट्टाला पेटायची, ती म्हणजे अर्धी ओळ. आमच्या साहेबांना सगळं टापटीप आवडे. पॅनेलमध्ये मोजून मावतील तेवढ्याच ओळी दिसाव्यात, आणि स्क्रोलबार नव्या पद्धतीप्रमाणे लपलेला असावा, असं त्यांचं म्हणणं. तशी एक स्क्रीन गेलीही. पुढे एका लॅबमधल्या मुलीला पडद्यावर सगळं नीट संपलेलं दिसलं, आणि खाली दडलेली एक तपासणी राहून गेली. एका म्हाताऱ्या बाईंना पुन्हा सुई टोचून घ्यावी लागली, एवढंच. पण अक्का दोन घास जेवली नाही. त्या दिवसापासून तिच्या हातच्या प्रत्येक पॅनेलमध्ये शेवटची ओळ मध्येच कापलेली. साहेब म्हणाले, हे ओंगळ दिसतं. अक्का म्हणाली, "दिसू दे. पुरे दिसले की मनुष्य समजतो, संपले. अर्धे दिसले की हात आपोआप पुढे जातो. खाली अजून आहे, हे त्यास कळले पाहिजे." साहेबांनी नाद सोडला. अक्कापुढे त्यांचंही काही चालत नसे.

तिच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती आंबटभात खायला. वेलचेरीतल्या माझ्या खोलीवर स्वयंपाकाच्या नावानं आनंदच होता, त्यामुळे वेस्ट मांबलममधल्या तिच्या दोन खोल्यांत पुढे माझा मुक्कामच पडू लागला. घरात दोघीच, अक्का आणि तिची आई. लग्नाचं मी एकदा विचारलं तर म्हणाली, "राहून गेले. खाली कुठे तरी असेल." आईनं जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेलं. अर्धांगाच्या झटक्यात उजवा हात गेला आणि वाचा पूर्ण गेली. नुसती वाचा नाही. इंग्रजी गेलं, तमिळ गेलं, दिवसा सांभाळायला येणारी सेल्वी काय बोलते ते कळेना. कळायचं ते फक्त घरचं मराठी. चित्रावर बोट ठेवलं की शब्द बोलणारे तयार प्रोग्रॅम मिळतात, पण ते बोलणार तमिळ, इंग्रजी, हिंदी. तंजावरचं मराठी कोण कशाला करील? मग अक्कानंच करायला घेतलं.

ऑफिसातून मोडीत निघालेला एक टच-स्क्रीन तिनं मागून आणला. मोठमोठी चित्रं, प्रत्येकाखाली बटण, बोट लावलं की आवाज. पाणी, पांघरूण, पंखा, देव, डोके दुखते. मी माझा आवाज देऊ केला, तर म्हणाली, "तुझे नको गे. तुझे ऐकून ती विचारील, ही कोण रेडिओवरची?" सगळे शब्द तिनं स्वतःच्या आवाजात भरले. सगळ्यात वर पहिलं बटण तिच्या स्वतःच्या फोटोचं. ते दाबलं की अक्काच्याच आवाजात हाक यायची, "कमले, ये गे!" आणि स्वयंपाकघरातून खरी अक्का ओरडायची, "आले की, आई!" आम्ही पोट धरून हसायचो. "मीच मज बोलावते आणि मीच येते," ती म्हणायची, "असली नोकरी कोणास मिळाली नसेल."

चित्रं पुष्कळ, पडदा लहान. म्हणजे स्क्रोल एरिया आला, आणि अर्धी ओळही आली. कितीतरी दिवस आई फक्त दिसणारी चित्रंच दाबायची; अर्ध्या ओळीकडे लक्षच जाईना. अक्का जवळ बसून एकच वाक्य म्हणत राहायची, "खाली अजून आहे, आई." एका सकाळी कॉफीच्या टंबलरचा नुसता काठ तळाशी दिसत होता. आईनं डावं बोट त्याच्यावर ठेवलं आणि वर ओढलं. अख्खं टंबलर आलं. त्या दिवशी अक्का ऑफिसात मैसूरपाक घेऊन आली. कशाबद्दल, म्हणून साहेबांनी विचारलं, तर डोळे भरलेले असतानाच म्हणाली, "माझी आई खाली गेली." सगळे घाबरले, मग सगळे हसले.

अक्का डेंग्यूनं गेली. ताप आला, दवाखान्यात नेलं, प्लेटलेट उतरल्या, आणि बरं वाटतंय असं मला फोनवर सांगितल्याच्या दुसऱ्या दिवशी ती नव्हती. हे लिहितानाही मला त्यावर धड विश्वास बसत नाही. मला त्या गावात तिच्याशिवाय कोणी नव्हतं. माझं मराठी ऐकणारं, मला जेवलीस कां म्हणून विचारणारं माणूस गेलं, आणि दुसऱ्या दिवशी शेअर-ऑटोतून मी ऑफिसला गेले, तर तिच्या खुर्चीवर तिची शाल तशीच होती.

बंगळुरूहून तिचा धाकटा भाऊ श्रीनिवास आला होता, तो आईजवळ राहिला. काही दिवसांनी त्याचा फोन आला. "एक उपकार करा. ते पहिले बटण काढून टाका. आई दिवसभर तेच दाबते. सेल्वी धावत जाते, मी जातो, ती तोंड फिरवते आणि पुन्हा दाबते. आणि आवाज अक्काचा. मज ऐकवत नाही."

मी रविवारी गेले. तिनं लिहिलेला कोड उघडला. पुसायला एक ओळ पुरे होती. माझ्यानं ते होईना. मी ते बटण उचलून पार तळाला नेलं, देव आणि पांघरूण यांच्याही खाली. इतक्या खाली आई कशाला जाते, असं मला वाटलं. श्रीनिवासला तसं सांगितलं. तो बरं म्हणाला आणि सेल्वीला कॉफी करायला सांगून माझ्यासमोर बसला.

आईनं पडद्याकडे बघितलं. पहिल्या जागी आता पाणी होतं. त्याच्यावर तिनं बोट ठेवलं नाही. ती थोडा वेळ बघत राहिली, मग बोट तळाच्या अर्ध्या ओळीवर नेलं आणि वर ओढलं. पुढची ओळ अर्धी दिसली, तीही ओढली. मग त्याच्या पुढची. शेवटी तळाच्या कडेला अक्काचा भांग आणि कपाळावरचं कुंकू दिसलं. आईनं ते हळूच वर घेतलं, चेहरा पुरा आला, आणि तिनं बटण दाबलं.

"कमले, ये गे!"

आईनं स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. सेल्वी कॉफी घेऊन बाहेर आली. आईनं मान वळवली, पुन्हा पडद्यावर, अक्काच्या फोटोखाली बोट ठेवलं आणि वर ओढलं. पॅनेल हललं नाही. ते तिथं संपत होतं. तिनं पुन्हा ओढलं, जरा जोर लावून. पुन्हा. लेकीनं शिकवलं होतं ना.

श्रीनिवास उठला, तिच्या खुर्चीशी जमिनीवर बसला आणि तिचं बोट त्यानं पडद्यावरून काढून हातात घेतलं. "आलो की, आई," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, रडत रडत, "ते बटण पुन्हा वर ठेवा. खाली नको."

मी ते परत पहिल्या जागी ठेवलं. आईनं डावा हात लेकाच्या डोक्यावर ठेवला होता. बघत मात्र ती स्वयंपाकघराच्या दाराकडेच होती.