तेविसावा पारा

हलीमा आपांनी मला घरी बोलावलं, पेलाभर पाणी दिलं, ते पिऊन होईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत, आणि मग विचारलं, "मास्तर, तेविसावा पारा तुम्हीच उचलला होता ना?"

पाणी आधीच पोटात गेलं होतं म्हणून बरं. नाहीतर ठसका लागून मी तिथंच कबुली दिली असती.

आपांची आई, जिला उदगीरच्या किल्ल्याकडची सगळी गल्ली बडी अम्मा म्हणायची, चार दिवसांपूर्वी वारली होती. आदल्या दिवशी तिच्या नावानं कुरआनखानी झाली होती. कुरआनचे तीस भाग, म्हणजे तीस पारे, वेगवेगळे बांधलेले असतात. जमलेल्यांनी एकेक उचलायचा आणि आपापला वाचायचा. तिसांचे तीस झाले की एक पूर्ण वाचन होतं आणि त्याचं पुण्य गेलेल्या माणसाला मिळावं म्हणून दुआ मागतात. मी गल्लीतला मान्यवर, जिल्हा परिषदेच्या शाळेतला मराठीचा मास्तर. मला पारा मिळाला नाही असं कधी झालं नाही.

आता अडचण सांगतो. मला अरबीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं.

मी देवणीकडच्या खेड्यातला. गावात मुसलमानांची दोनच घरं, शिकवणारं कुणी नाही. नमाजेपुरतं बापानं तोंडी पाठ करून घेतलं, बाकी माझं शिक्षण मराठी शाळेत. नोकरी लागून उदगीरला आलो तेव्हा मिशा फुटून जुन्या झाल्या होत्या. 'मला येत नाही' हे वाक्य पहिल्या आठवड्यात म्हणायचं असतं. तो आठवडा गेला की गेला. मग मी अभिनयाकडे वळलो. पारा उघडायचा. ओठ हलवायचे, पण फार नाही. अंग जरासं झुलवायचं. शेजाऱ्यानं पान उलटलं की मनात वीस मोजून आपण उलटायचं. सगळ्यात आधी संपवायचं नाही, संशय येतो. सगळ्यात शेवटी तर नाहीच नाही. सहावा किंवा सातवा नंबर उत्तम. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी राजाची कामं केली आहेत, पण माझी खरी कामं या सतरंज्यांवर झाली. टाळी पडायची नाही, एवढंच दुःख.

आपांनी तो पारा माझ्यासमोर ठेवला आणि मध्ये उघडला. उघडला म्हणजे उघडायचा प्रयत्न केला. मधली सहा पानं एकमेकांना घट्ट चिकटलेली होती.

"पत्रा गळला तवा भिजलेला हाय हा. मी बाजूला ठेवला व्हता, गडबडीत वाटपात आला," आपा म्हणाल्या. "माझ्या ध्यानात आलं तवा तुमच्या हातात गेला व्हता. म्हटलं, वाचणारा माणूस हाय, आत्ता आवाज देईल, दुसरा मागंल. मी पडद्यामागं दुसरा घेऊन बसले. तुम्ही पंचवीस मिनटांत वाचून परत दिला."

मी म्हणालो, "आपा, कुणाला सांगू नका."

"मी कायकू सांगू? पण माझ्या अम्माचे एकोणतीसच झाले. तुमचा बाकी हाय."

"मग तुम्हीच वाचून टाका ना. तुम्हाला काय, अर्ध्या तासाचं काम."

आपांनी माझ्याकडे असं बघितलं की मी वर्गात कधीच कुणाकडे तसं बघू शकलो नाही. "वझं तुम्ही उचललं, मास्तर. ज्यानं उचललं त्यानंच उतरवायचं असतंय. चाळिसाव्या दिवशी पुन्हा सगळे जमतील. तवर शिका. उद्या साडेसहाला या." आणि दाराशी जाताना म्हणाल्या, "आन् उद्यापासून मी तुला तू म्हणणार. माझ्यापुढं बसणाऱ्याला मी तुम्ही म्हणत न्हाई."

बडी अम्मानं पन्नासेक वर्षं आणि तिच्यामागे आपांनी, गल्लीतल्या पोरांना कुरआन हातात घेण्याआधीची अक्षरं शिकवली. त्यासाठी एक पातळ पुस्तक असतं, त्याला म्हणतात कायदा. आमच्या दखनी तोंडात तो 'खायदा' होतो, आणि आपांची पहिली लढाई त्या 'ख'शीच असे. "दोन बोटं गळ्यावर ठेव. आवाज तिथनं काढ. तोंडातनं नक्को." पाच वर्षांची पोरं आणि सत्तेचाळीस वर्षांचा मी, ओळीनं गळ्याला हात लावून बसायचो. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, घटसर्पाची साथ आली आहे.

माझी भीती अशी की पोरं घरी जाऊन सांगतील. झालं उलटंच. मास्तर आलेत म्हणजे आपली तपासणी आहे असं समजून ती पोरं तीन दिवस पुतळ्यासारखी बसली. चौथ्या दिवशी शेजारच्या अल्फियानं, वय वर्षं सहा, माझ्या कायद्यात डोकावून पाहिलं. "सर, तुम्ही अजून पहिल्याच पानावर? मी तर जोडाक्षरावर हाय." मी तिला रोज एक चिक्की कबूल केली. हा हप्ता तिनं चाळीस दिवस चुकवू दिला नाही.

आपांची पद्धत चेंगट होती. ज्वारीच्या धाटाची एक काडी घेऊन त्या एकेका अक्षरावर टेकवत. अक्षर नीट आलं तरच काडी पुढं सरकायची. कधीकधी सबंध सकाळ काडी एकाच जागी. "घाई करू नक्को. घाई करणारा अक्षर गिळतो, आन् गिळलेलं अक्षर पोटात दुखतंय." मी बावीस वर्षं दुसरीच्या वर्गाला काना-मात्रा शिकवल्या आहेत. आता माझ्यासमोर अक्षराच्या वर जबरची रेघ, खाली जेरची, आणि माझा डोळा सवयीनं डावीकडून धावायचा. ओळीच्या शेवटापासून वाचायला सुरुवात करणारा मी आपांचा पहिलाच विद्यार्थी. शाळेत मी पोरांना "एवढं सोपं येत नाही?" असं विचारत असे. ते विचारणं त्या महिन्यात बंद झालं.

वीस दिवस गेले. मी अजून सुटी अक्षरं जोडत होतो. चाळिसावा धावत येत होता आणि पारा वीस पानांचा. शेवटी मी माझ्यातल्या नटाला हाक मारली. लातूरला एका दुकानात अरबी मजकूर देवनागरीत छापलेलं पुस्तक मिळालं. बायकोला वाटलं मला भक्ती लागली. मी चार रात्री बसून पाऱ्याची पहिली दोन पानं घोकली आणि पाचव्या दिवशी आपांसमोर धडाधडा म्हणून दाखवली.

आपांनी ऐकून घेतलं. पोरंसुद्धा तोंड उघडून ऐकत होती. मग आपांनी काडी उचलली आणि तिसऱ्या पानाच्या मधोमध टेकवली. "आता इथनं."

मी त्या ओळीच्या दोन्ही टोकांवरून बोट फिरवून आलो.

"बरं, दुसऱ्या पानावरच वाच. खालून चौथी ओळ."

ती ओळ मी आत्ताच म्हटली होती. पण सुटी पकडली तर ओळखू येईना. वरपासून गाडी सुटली तरच माझं ते स्टेशन येणार होतं.

आपा ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कायदा पहिल्या पानावर उघडला आणि काडी पहिल्या अक्षरावर, अलिफवर ठेवली. "पाठ करून म्हणणं म्हंजे दुसऱ्याच्या तोंडानं जेवणं. पोट त्याचं भरतंय, ढेकर तू देतो. चल, अलिफ."

दहा दिवस उरले होते.

चाळिसाव्याला माणसं जमली. पडद्यामागं बायका, बाहेर अंगणात दालचा आणि बगारा खान्याच्या देगा. मोंढ्यातले हाजीसाब अध्यक्षासारखे मध्यभागी. त्यांच्याइतक्या वेगानं वाचणारं आमच्या गल्लीत कुणी नाही. पारा पंधरा मिनिटांत. लोक त्यांचं कौतुक करायचे आणि मी तर त्यांच्याकडे बघूनच माझी पानं उलटायचो. त्यांनी पारे वाटले. मी हात पुढं करून तेविसावा मागून घेतला. आपांनी तो पाण्याच्या वाफेवर धरून पान-पान सुटं केलं होतं.

मी वाचायला लागलो. खरंच वाचायला. बोट ओळीखाली, अक्षराला अक्षर जोडत. आयुष्यात पहिल्यांदा शेजाऱ्याचं पान बघायची आठवण झाली नाही. हाजीसाबांचा पारा झाला. मग दहा झाले, वीस झाले. मी दुसऱ्या पानाच्या मध्यावर. हळूहळू गुणगुण कमी होत गेली आणि माझा एकट्याचाच आवाज उरला. तोही अडखळणारा. बाहेर देगेचं झाकण वाजलं. कुणीतरी घड्याळ बघितलं.

"मास्तर, किती राहिला?" हाजीसाबांनी विचारलं.

इतकी वर्षं या प्रश्नाला माझं एकच उत्तर होतं. झालाच. त्या उत्तराला दोन सेकंद लागतात. पारा मिटायचा, डोळ्यांना लावायचा, ठेवून द्यायचा, नंतर जेवण. पडद्यामागून काहीच हालचाल नव्हती. आपा मला मदतही करत नव्हत्या आणि अडवतही नव्हत्या. माझ्या कपाळावरचा घाम पानावर पडेल म्हणून मी मान मागं घेतली.

"अठरा पानं राहिलीत, हाजीसाब. मला वाचता येत नाही. शिकून राहिलोय."

एक जण हसला. त्याला वाटलं मास्तर नेहमीसारखी गंमत करतायत. मग तो हसायचा थांबला.

"मग इतकी वर्षं?" हाजीसाब म्हणाले.

"नाटक."

"या अल्लाह! आणा इकडं, मी वाचून टाकतो. दहा मिनटं. लोकं भुकेली बसलीत." त्यांनी हात पुढं केला.

तेव्हा पडदा हलला. "हात लावू नका, हाजीसाब," आपांचा आवाज आला. "तो मास्तरचा हाय."

"अगं बाई, तुझ्या अम्माचा चाळिसावा हाय आज! अपुरा ठेवतीस काय?"

"अपुरा हाय म्हणून अपुरा म्हणते. लोकांना जेवायला वाढा. अन्न थंड व्हायला लागलं."

लोक जेवले. दुआ मागितली गेली, पण तीस झाले असं कुणी म्हणू शकलं नाही. गल्लीत महिनाभर एकच विषय. मला चार टोमणे पडले. ते माझ्या लायकीचेच होते. पण आपांना जास्त पडले. अख्ख्या गल्लीला वाचायला शिकवणाऱ्या बाईच्या नावाचं वाचन अपुरं राहिलं, आणि ते तिच्या पोटच्या लेकीनं ठेवलं. दोन घरांनी पोरं काढून घेतली. आपांनी एकदाही मला "लवकर कर" म्हटलं नाही. एकदा मीच म्हणालो, "आपा, माझ्यामुळं..." तर काडी जागेवरून न हलवता त्या म्हणाल्या, "अम्माला वाट बघायची सवय हाय. एका पोराला तिनं एका अक्षरासाठी पाच महिने बसवलं व्हतं. वाच."

पानामागून पान गेलं. दहा महिने झाले, दोन पानं राहिली, आणि आपांच्या छातीत दुखायला लागलं. मुलानं त्यांना नांदेडला नेलं. दवाखान्यात भेटायची वेळ ठरलेली, आणि आपांची शिकवायची वेळही ठरलेली. दुसऱ्या दिवशी साडेसहाला माझा फोन वाजला.

"काढ पारा."

"आपा, आराम करा."

"आरामच करून राहिले. वाच."

फोनवरून काडी टेकवता येत नाही. आपांनी नवा नियम काढला. चूक झाली की फोन बंद. मी चूक शोधायची, ओळ पुन्हा जमवायची आणि परत फोन लावायचा. एका सकाळी नऊ वेळा फोन कापला गेला. माझी बायको म्हणाली, कुणाशी भांडण चाललंय इतकं? मी मात्र प्रत्येक वेळी घंटी मोजत बसायचो. आपा फोन उचलतील की त्यांचा मुलगा?

शेवटचं पान अकरा दिवस चाललं. शेवटची ओळ वाचून झाली. फोन कापला गेला नाही.

"पुन्हा," आपा म्हणाल्या.

पुन्हा वाचली.

"अजून एकदा. सावकाश."

तिसऱ्यांदा वाचली. आता त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. "अम्मा," त्या म्हणाल्या, "तीस झाले गे." त्यांनी हळू आवाजात दुआ मागितली, मी इकडं ओसरीवर हात वर करून आमीन म्हणालो. मला वाटलं, सुटलो.

"मास्तर, अम्माच्या आधी किती जणांचे पारे असे उचललेस?"

मी मनात माणसं आठवू लागलो. दोन्ही हातांची बोटं संपली. "आपा, नावं आठवतील. पण कुणाचा कितवा पारा होता, ते कसं आठवणार?"

"न्हाई आठवत?" आपांच्या आवाजात आजारातही एक दुष्ट आनंद होता. "मग प्रत्येकाचे तीसच्या तीस वाच. उद्या पहिला काढ."

त्यानंतर नवव्या दिवशी आपा नांदेडमध्येच गेल्या. त्यांना उदगीरला आणलं तेव्हा ज्या दोन घरांनी पोरं काढून नेली होती, ती माणसंही खांदा द्यायला आली.

तिसऱ्या दिवसाच्या कुरआनखानीचा निरोप मला हाजीसाबांकडून आला: बाकीच्यांना अकरा वाजता बोलावलंय, मास्तरांनी सकाळी सहालाच यावं. टोमणा बरोबर बसला होता. मी मुकाट्यानं सहाला गेलो. वाटलं, रिकामी सतरंजी असेल आणि मी.

सतरंजीवर हाजीसाब बसले होते. चष्मा नाकाच्या टोकावर, पारा उघडा, आणि बोट एका अक्षराखाली रुतलेलं. मला बघून ते जरा सरकले.

"बसा मास्तर," ते खालच्या आवाजात म्हणाले. "आणि हे अक्षर जरा बघा. पंधरा मिनटांच्या घाईत मी हे गिळतच आलो. आपा गळ्यातनं काढायला लावायची म्हणे, ते कसं?"