जीपीएस घेऊन निसरपूरला: चिंचेखालची एक जागा

देवासच्या कारखान्यातून रिटायर झाले तेव्हा सोबतच्या मंडळींनी मला तळहातात मावणारा जीपीएस दिला. भजनी मंडळात माझं काही जमणार नाही, हे त्यांनी ओळखलं असावं. मी हौसेनं दूधवाला, भाजीबाजार, टेकडीच्या पायऱ्या, सगळ्यांचे बिंदू साठवत सुटले. वहिनी हे बघत होत्या. एक दिवस म्हणाल्या, “पाणी आलं तरी हा जागा दाखवेल?”

कुठली जागा, ते विचारावं लागलं नाही. चौतीस वर्षांपूर्वी दादा निसरपूरला मास्तर असताना त्यांची मुलगी नऊ दिवसांची होऊन गेली. एवढ्याशा जिवाला अग्नी देत नाहीत. नर्मदेकडच्या एका शेतात चिंचेखाली पुरलं. बारशाला निघायची माझी तयारी झाली होती, तेवढ्यात तार आली. आता दादा नाहीत, आणि सरदार सरोवराचं पाणी त्या शेतावर येणार आहे.

जानेवारीत जीप ठरवून पहाटे निघालो. धारला गरम पोहे-जलेबी खा, दहा रुपयांत दोघींचं पोट भरतं. जादा पेन्सिल सेल तिथेच घेऊन ठेवा, हे यंत्र खादाड आहे.

तिरला गावापुढे पाय मोकळे करताना मी खडकामागे शेवेची पुडी लपवली, बिंदू साठवला आणि यंत्र वहिनींना दिलं. उभं राहिलं की बाण भरकटतो, चालत राहिलं की सरळ येतो. वहिनी दोनदा गोल फिरल्या आणि पुडी घेऊन आल्या. मुलांना घेऊन जाणार असाल तर हा खेळ जरूर खेळा.

पुढचा रस्ता खड्ड्यांचा, दुपार निसरपुरातच झाली. शेतात यंत्र काढताच मालक भागीरथ पाटीदार धावत आले. सरकारी मोजणी वाटली त्यांना. इतक्या मोजण्या झाल्यात की त्यांचा राग मला पटला. मी सांगितलं, हे कुणाला काही कळवत नाही, नुसतं ऐकतं. वरचे उपग्रह आपली जागा आणि वेळ सांगत असतात. निरोप यायला किती वेळ लागला त्यावरून हे अंतर काढतं. तीन उपग्रहांवरून जागा कळते, चौथा याचं स्वस्तातलं घड्याळ सुधारतो. मग वहिनींनी आपण कोण ते सांगितलं आणि भागीरथभाईंचा आवाज एकदम उतरला.

चिंच मात्र नव्हती, केव्हाच तोडलेली. वहिनी बांधावर बसून रडू लागल्या. मला माझीच लाज वाटली. आधी न साठवलेली जागा हे यंत्र शोधू शकत नाही, हे मला ठाऊक होतं. चिंच असेलच असं मी धरून चालले होते.

भागीरथभाई आम्हाला गव्हातून पुढे घेऊन गेले. हिरव्यागार शेतात चारपाईएवढा गवताचा तुकडा तसाच सोडलेला होता.

“बैनजी, यहाँ हमने कभी हल नहीं चलाया,” ते म्हणाले. “पिताजी मना करके गए थे.”

वहिनींनी तिथे हात टेकला. मी यंत्र उघड्यावर धरून दहा मिनिटं थांबले. आकडे तेवढ्यात स्थिरावतात. चूक पाच-सात मीटरची, म्हणजे त्या तुकड्याहून मोठी, पण नावेतून येणाऱ्याला पुरेशी. यंत्रानं आपणहून नंबर दिला: ०१४.

घरी आलो. अंग अजून ठणकतंय. जीपीएस घ्यावा का, असं विचाराल तर घ्या. पण जागा जपणारं माणूस आधी शोधा, तो बिंदू ते असेपर्यंतच साठवता येतो.

काल वहिनींनी यादीत ०१४ बघितलं. “नंबर काय ठेवलाय, वन्सं? नाव द्या ना.”

“सांगा, काय लिहू?”

“मी कशी सांगू? नाव आत्यानं ठेवायचं असतं.”

चौतीस वर्षं ते नाव माझ्याजवळ तयार होतं. एकेक इंग्रजी अक्षर फिरवून मी ते लिहिलं, आणि बारशाला बाळाच्या कानात सांगतात तसं वाकून वहिनींच्या कानात सांगितलं: नंदा.

वहिनींनी दुसरा कान पुढे केला.