एकतीस वर्षं न वाजलेली घंटा

विमान अमेरिकेतल्या रालीला उतरायला लागलं तेव्हा खिडकीखाली नुसती झाडं होती. घर नाही, रस्ता नाही, माणूस तर औषधालाही नाही. पायलट वाट चुकला की काय, असं मनात आलं आणि त्यातच मला डुलकी लागली. चाकं टेकली तेव्हा मी स्वप्नात माझ्या जुन्या स्टुलावर बसलो होतो.

त्या स्टुलाचं आधी सांगायला हवं. मी एकतीस वर्षं आमच्या गावच्या वस्तुसंग्रहालयात परिचर होतो. परिचर म्हणजे दालनाच्या दाराशी बसून 'हात लावू नका' म्हणणारा माणूस. माझ्या दालनात तलवारी, ताम्रपट, नाणी, आणि मधोमध लाकडी चौकटीला टांगलेली, वसईच्या किल्ल्यातून आलेली पोर्तुगीज घंटा. दिवसभरात ते वाक्य इतक्यांदा म्हणायचो, की घरी कुणी लोणच्याच्या बरणीकडे वळलं तरी तोंडून निघायचं. आमची ही अजून त्यावरून माझी चेष्टा करते.

माझी मुलगी मंजिरी सात वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. शाळा सुटली की ती माझ्याकडे यायची. एक दिवस "अरे बाबा, हिचा आवाज कसा आहे रे?" असं म्हणत तिने घंटेवर हात ठेवला. नेमके तेव्हाच साहेब पाहुण्यांना घेऊन आत आले. मी तिच्या हातावर फाडकन मारलं, सगळ्यांच्या देखत. ती रडली नाही. संध्याकाळी पानं घेतल्यावर म्हणाली, "बाबा, तुम्ही बसा आधी." तोवर मी 'तू' होतो, त्या दिवसापासून 'तुम्ही' झालो. ती पुन्हा कधी संग्रहालयात आली नाही. पाहुणेरावळे म्हणायचे, काय छान वळण लावलंय हो पोरीला! मी मान हलवायचो. माफी मागायची राहिली ती राहूनच गेली. अमेरिकेला हो म्हटलं ते तेवढ्यासाठी. नायगारा काय, चित्रातही दिसतो.

मंजिरी रालीजवळ मॉरिसव्हिलला राहते. भोवती उंच पाइनची झाडं, आणि घरं इतकी सारखी की दुसऱ्या दिवशी फिरून येताना मी भलत्याच दाराची बेल वाजवली. दार उघडलं ते एका तेलुगू आजोबांनी. त्यांनी आत बसवून कॉफी पाजली. दोघांनाही एकमेकांचं काही कळलं नाही, पण तासभर छान गेला.

२००६ चा ऑक्टोबर होता. जावई निखिल नागपूरचे, मोकळेढाकळे. म्हणाले, "बाबा, डीसी करू, न्यूयॉर्क करू, बोला ना यार, काय बघायचं?"

"वस्तुसंग्रहालयं," मी म्हणालो. "इतिहासाची."

मंजिरी चहा गाळत होती. गाळणं तिने ओट्यावर ठेवलं. मग म्हणाली, "ओके. निखिलच्या ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, त्याला जमणार नाही. मीच सुट्टी टाकते, मी ड्राइव्ह करते."

पहिलं संग्रहालय रालीतलंच. झोपेचं चक्र अजून उलटंच होतं, त्यामुळे सगळं पाण्याखालून पाहिल्यागत दिसत होतं. तंबाखूच्या पानांचे जुने फोटो, एक लाकडी होडी, कुणा शेतकऱ्याच्या घरातली चूल. लोक वस्तू पाहत होते आणि मी पाहत होतो तिथल्या गार्डला. माझ्याच वयाचा काळा गृहस्थ, ताठ उभा. न राहवून मी माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत विचारलं, "तुमचं स्टूल कुठाय?"

"स्टूल?" तो खदखदून हसला. "सतरा वर्षं उभाच आहे मी!"

मी त्याला माझ्याबद्दल सांगितलं. त्याने दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि विचारलं, "तुमच्याकडेही लोक हात लावतात?"

"लावतातच," मी म्हणालो. मंजिरी तिथून हळूच पुढच्या दालनात निघून गेली.

शुक्रवारी पहाटेच आम्ही शेजारच्या व्हर्जिनिया राज्याकडे निघालो. रस्त्यावर धुकं, दोन्ही बाजूंना लाल-पिवळी झाडं, गाडीत नुसता इंजिनचा आवाज. बोलायची ही उत्तम वेळ होती. मी तीनदा घसा खाकरला. तिसऱ्यांदा मंजिरी म्हणाली, "बाबा, खोकल्याची गोळी देऊ का तुम्हाला?" झालं! मी गोळी चघळत बसलो. वाटेत एका धाब्यासारख्या जागी हशपपी (मक्याच्या पिठाची गोल भजी) खाल्ली. आमच्या हिने घरून दिलेली लसणाची चटणी पिशवीत होतीच. दोघांनी मिळून चटणीची पुडी संपवली, आणि तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

तिथलं संग्रहालय म्हणजे एक अख्खं जुनं गाव होतं, कर्मचारीही जुन्या काळच्या वेशात. धुक्यातून तीनकोनी टोप्या घातलेले पुरुष आणि घेरदार झग्यातल्या बाया जात-येत होत्या. लोहार ऐरणीवर घाव घालत होता, कुठेतरी पाव भाजल्याचा वास होता. मी जागा आहे की विमानातच झोपलोय, हेच कळेना. काचा नाहीत, दोऱ्या नाहीत, दाराशी स्टूल नाही. माझा जीव कासावीस झाला हो!

गावाच्या टोकाला लाकडी शाळा होती. आत बाकं, पाट्या, आणि आढ्याला टांगलेली पितळी घंटा. तिचा दोर खाली लोंबत होता, शेजारी इंग्रजीत पाटी. मी एका नजरेत पाटी वाचली आणि तेवढ्यात एका गोऱ्या बाईंनी दोराला हात घातला.

"हात लावू नका!" मी गरजलो. मराठीत.

खोलीतली सगळी माणसं जागच्या जागी थबकली. बाईंनी चटका बसल्यागत दोर सोडला. मंजिरी माझ्याजवळ आली आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, पाटी नीट वाचा."

मी चष्मा पुसून पुन्हा वाचली. 'प्लीज टच'. मधलं 'डू नॉट' तिथे नव्हतंच. एकतीस वर्षांच्या सवयीने ते माझ्या डोळ्यांनी पदरचं घातलं होतं. मी त्या बाईंना हात जोडून सॉरी म्हणालो.

झग्यातल्या मास्तरीणबाई हसून म्हणाल्या, "सर, तुम्हीच वाजवा ना."

माझा हात काही वर जाईना. तेव्हा मंजिरी पुढे झाली. तिने दोर धरला, आणि मग थांबून माझ्याकडे पाहिलं. बत्तीस वर्षांची बाई, स्वतःची गाडी चालवत मला इथवर घेऊन आलेली, आणि दोर धरून माझ्या तोंडाकडे बघत होती.

"वाजव गं," मी म्हणालो.

तिने वाजवली. बारीक, स्वच्छ आवाज धुक्यात लांबवर गेला.

बाहेरच्या बाकावर बसल्यावर तिने विचारलं, "आपल्याकडच्या घंटेचा आवाज कसा आहे हो?"

"माहीत नाही."

"एकतीस वर्षं शेजारी बसून?"

"कधी हात लावला नाही," मी म्हणालो. आणि मग एकदाचं बोललो, "मंजू, त्या दिवशी माझं चुकलं."

कुठला दिवस, हे तिने विचारलं नाही. झाडाचं एक लाल पान उचलून ते उलटंपालटं करत राहिली. "मारण्याचं काही नाही," ती म्हणाली. "पण मारताना तुम्ही साहेबांकडे बघत होता, बाबा. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत."

मी तिचा हात हातात घेतला. तिने तो काढून घेतला नाही, एवढंच. परतीच्या वाटेवर ती गाणी लावून गुणगुणत होती, तरी मी 'तुम्ही'च होतो. विमानतळावर वाकून नमस्कार करताना म्हणाली, "बाबा, पोचलात की फोन करा."

पोचल्याचा फोन केला. पण त्याने माझं समाधान होईना. चौथ्या दिवशी संध्याकाळी, बंद व्हायच्या वेळेला, मी संग्रहालयात गेलो. माझ्या स्टुलावर आता सावंतबाई बसतात. त्यांना काम मीच शिकवलं. दालन रिकामं होतं. इतके दिवस परमुलखातल्या वस्तू पाहून आलो, पण या घंटेकडे मी बहुधा त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. कडेला वेलबुट्टी होती, हे मला ठाऊकच नव्हतं.

मी मोबाइल काढून मंजिरीला लावला. तिकडे सकाळ होती.

"काका," सावंतबाई अवघडून म्हणाल्या, "हात लावू नका. तुम्हीच शिकवलंय."

"चुकीचं शिकवलं नाही, बाई. पण आज एकदाच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग "मी पाणी पिऊन येते" म्हणून उठल्या.

"हॅलो, बाबा? काय झालं? बरे आहात ना तुम्ही?"

"बोलू नकोस. ऐक."

फोन घंटेजवळ धरला आणि बोटांच्या पेरांनी तिच्यावर टकटक केलं. वाटलं होतं, एवढ्याशाने काय वाजणार! पण ती वाजली. खोल, भरल्या गळ्याचा आवाज, पायाखालच्या फरशीत उतरला आणि कितीतरी वेळ विरेचना.

मी फोन पुन्हा कानाला लावला.

"मंजू? ऐकलंस?"

"अरे बाबा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज सात वर्षांचा होता, "तू हात लावलास?"