मानपत्रातून गाळलेलं वाक्य

"उजव्या हाताक, तीस पावलां. आमच्याच वाटेन येता."

पेडण्याच्या बाजारात अमुक माणूस कुठे आहे असं विचारलं, की ते असं उत्तर देत. बोट दाखवणं नाही, हनुवटी हलवणं नाही. दिशा आणि अंतर, बस्स. एका लग्नात ऐन मुहूर्ताला गायब झालेला नवरदेव त्यांनी याच पद्धतीने शोधून दिला होता.

तुमच्याही गावात असे एखादे निवृत्त नौसैनिक असतील, ज्यांचं शौर्य गावाला सव्वीस जानेवारीच्या आसपास आठवतं. आमच्या गावातले हे नौसैनिक युद्धनौकेवर रडार चालवत. युद्धात पदक मिळालेलं. एके वर्षी सत्कार ठरला आणि मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे, शाळामास्तराकडे आलं. विशेषणं माझ्याकडे तयार असतात. नाव तेवढं बदलावं लागतं.

मसुदा वाचून ते म्हणाले, "मास्तर, रणझुंजार खंयचो? खुर्चेर बसान होतंय मी." मग हळूच म्हणाले, "एक वाक्य घाला."

युद्धातल्या एका रात्री रडारच्या पडद्यावर बारीक ठिपका दिसला होता. पाण्याबाहेर डोकावणारी पाणबुडीची दुर्बीण तेवढाच ठिपका देते, लाकडी होडीही. त्यांनी दिशा सांगितली, अंतर सांगितलं. पाण्यात बॉम्ब पडले, ठिपका गेला, शाबासकी मिळाली. उजाडल्यावर ते डेकवर आले, तर लाटांवर फळ्या होत्या आणि फळ्यांना गुंडाळलेलं जाळं.

"पाणबुडीक जाळा कित्याक होया, मास्तर?"

त्या जाळ्याचा उल्लेख, एवढंच त्यांना हवं होतं. समितीचे अध्यक्ष म्हणाले, "मंत्री येतले. जाळीबिळी नको." मी वाक्य गाळलं. फार वेळ लागला नाही.

सत्काराला ते शाल पांघरून, नारळ मांडीवर धरून ऐकत बसले. माझं वाचून झालं, टाळ्या संपल्या, तरी माझ्याकडेच बघत होते. मग माइककडे हात करून म्हणाले, "एक वाक्य रवला." निवेदकाने तत्परतेने राष्ट्रगीत सुरू केलं. ते ताठ उभे राहिले. संपलं तेव्हा मंत्री गाडीत होते आणि लोक भज्यांपाशी.

पुढचं मला नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी ते केरीला गेले. किनाऱ्यावर जाळं सांधत बसलेल्या एका रापणकराला त्यांनी सगळं सांगितलं. त्याने हातातली सुई न थांबवता विचारलं, "खंयचे होते ते?"

"तां पडद्यार दिसणा नाय."

"बसा, काका," म्हणत त्याने जाळ्याचं एक टोक त्यांच्या हातात दिलं. तेव्हापासून मरेपर्यंत ते रोज सकाळच्या बसने केरीला जात आणि ते टोक धरून बसत.

त्यांच्या बाराव्यानंतर मीही गेलो. रापणकराने वर बघितलं. "तां मानपत्र तुमीच लिवलेला?"

मी हो म्हणालो आणि जाळं धरायला हात पुढे केला.

"रवांदे, मास्तर," तो म्हणाला, आणि टोक पायाच्या अंगठ्यात अडकवून सांधू लागला.