पुरिंगच्या चुलीपाशी तेरियो

तेरियो बाल्देमोरचा उभा जन्म जहाजांवर खानसामा म्हणून गेला. नॉर्वेच्या कप्तानांना त्यानं बटाटे उकडून घातले, ग्रीक इंजिनिअरांचे रुसवे काढले, वादळात एका हातानं कढई आणि दुसऱ्या हातानं स्वतःला सावरत पंचवीस जणांची पानं वेळेवर मांडली. पण इलोइलोच्या किनाऱ्यावरच्या आपल्या गावी आला की त्याला स्वयंपाकघरात पाऊल टाकायची सोय नव्हती. बायको पुरिंग म्हणायची, "जहाजावर तू खानसामा. इथं तू पाहुणा. बस आणि जेव." नोकरी संपवून तो कायमचा घरी आला, तरी त्याचं पाहुणेपण काही सुटलं नाही.

मग एका रविवारी चर्चच्या पायरीवर पुरिंगचा पाय घसरला आणि गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर चढलं. बाहेरच्या खोलीत, खिडकीशी, बांबूच्या बाजेवर तिची स्थापना झाली. सुरुवातीला शेजारपाजारहून पातेली आली, पण सगळ्यांची चव सारखीच लागते म्हणून पुरिंग कुरकुरायला लागली. तिला हवं होतं तुरीचे काळे दाणे, डुक्कर आणि कोवळा फणस घातलेलं आंबट कालवण. दुसरं काहीही नको.

"मी करतो की," तेरियो म्हणाला. त्याच्या आवाजात इतका आनंद होता की पुरिंगला शंका आली.

तो बाजारातून परतला तेव्हा ती शंका खरी ठरली. काखेत तान्ह्या पोराएवढा फणस, एका पिशवीत डुकराच्या अख्ख्या तंगड्या, दुसरीत टोपलीभर तूर.

"कोण येणार आहे जेवायला? गलबत?"

"दोघांचं प्रमाण मला येत नाही गं. पंचवीसांचं येतं."

पुरिंगला चूल दिसत नव्हती, पण ऐकू सगळं येत होतं आणि वास तर त्याहून जास्त येत होता. बाजेवरूनच तिनं हुकूम सोडायला सुरुवात केली.

"तंगड्या आधी निखाऱ्यावर भाजल्यास का?"

"भाजल्या."

"फणस चिरताना हाताला तेल लावलंस का?"

"लावतोय," तेरियो म्हणाला. तोवर चिकानं त्याचा उजवा हात सुरीला आणि डावा फणसाला घट्ट चिकटला होता. आयुष्यभर परदेशी बटाटे सोलणाऱ्या माणसाला फणसाचा हिसका ठाऊक नव्हता. शेवटी दातानं बाटलीचं बूच काढून त्यानं स्वतःवरच तेल ओतून घेतलं.

त्यानंतर मात्र सगळं सुरळीत झालं. दाणे शिजून पाणी जांभळं झालं, गवती चहाची जुडी आत गेली, मांस हाडापासून सुटायला लागलं. वासानं रस्त्यावरची दोन कुत्री दाराशी येऊन बसली.

"आता बातुआन टाक," पुरिंग म्हणाली. "मिठातली आंबट फळं आहेत फडताळातल्या बरणीत."

बरणीत शर्टाची बटणं होती.

"पुरिंग, चिंच घालू का?"

बाजेवरून उत्तर आलं, "घाल. पण मग त्याला आमच्या कालवणाचं नाव देऊ नकोस. आणि मी मेल्यावर कर."

बातुआनचं झाड गावात एकच होतं, कुंपणापलीकडे, मिनादच्या परसात. आणि मिनाद व पुरिंग कित्येक वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. झालं होतं असं, की मिनादचं डुक्कर पुरिंगच्या भेंडीत घुसलं. पुरिंगनं हाक ना बोंब, सरळ ते जत्रेच्या जेवणासाठी चर्चला दान करून टाकलं. मिनाद पंगतीला आली, तीनदा वाढून घेतलं, तोंडभर कौतुक करत डुक्कर कुणाचं म्हणून विचारलं, आणि तेव्हा तिला कळलं, ते तिचंच होतं.

तेरियो मागच्या बाजूनं गेला. मिनाद झाडाखाली मासळी साफ करत होती.

"तेरियोदादा! वाट चुकलात वाटतं?"

"चार बातुआन हवी होती."

"स्वयंपाक तुम्ही करताय? म्हणजे पाय खरंच मोडला तर. मला वाटलं, सोंग." तिनं त्याच्या टोपीत भराभर फळं टाकली. "माझ्या झाडाची म्हणून सांगू नका तिला."

"नाही सांगत."

"अजिबात नाही?" मिनाद जरा हिरमुसलीच.

पुरिंगनं पहिला चमचा तोंडात घेऊन डोळे मिटले. "फळं कुठली?"

"बाजारातली."

"बाजारातली शिळी असतात. ही आत्ता तोडलेली आहेत."

तेरियो पडलेल्या चेहऱ्यानं वाडगा भिरकावला जायची वाट बघत राहिला. पुरिंगनं दुसरा चमचा घेतला. मग तिसरा.

"किती उरलंय?"

"तेवीस जणांचं."

"मग एक वाडगा देऊन ये तिला. मला कुणाचे उपकार नकोत. द्यायचा आणि यायचं, बोलत बसायचं नाही."

मिनादनं उभ्याउभ्याच खाल्लं. "फणस जास्त शिजलाय. सांगा तिला."

"मी नाही बाबा सांगणार."

"मग मीच सांगते." तिनं हात पुसले आणि कुंपणापाशी जाऊन खिडकीकडे तोंड करून आवाज टाकला. "पुरिंग! फणसाचा लगदा झालाय!"

"नवऱ्यानं केलंय ते!" आतून तडक उत्तर आलं. "माझ्या हातचा फणस कधी लगदा होत नाही!"

"ते ठाऊक आहे मला! तंगडी मात्र लोण्यासारखी झालीये!"

"तुझं डुक्करही लोण्यासारखंच होतं!"

तेरियोनं डोळे घट्ट मिटले. बोट किनाऱ्याला लागण्याआधीच बुडाली, असं त्याला वाटलं. मग हळूच त्यानं एक डोळा उघडला. मिनाद कुंपणाला धरून वाकली होती आणि तिचे खांदे गदगदत होते. हसू आवरेना तेव्हा ती ओरडली, "होतं गं बाई! उगाच का तीनदा वाढून घेतलं!"

वाडगा घेऊन ती फाटकातून सरळ आत आली, पुरिंगच्या बाजेच्या कडेला बसली आणि दोघींनी मिळून तेरियोच्या कालवणाचे वाभाडे काढले. मीठ, तिखट, फणस, भांड्याचा आकार, काही म्हणून सोडलं नाही. बोलता बोलता मिनादनं दोनदा आणखी मागून घेतलं. हसण्याचा गलका ऐकून आळीतली माणसं डोकावली आणि दुपारपर्यंत पातेलं चाटूनपुसून लख्ख झालं.

प्लॅस्टर निघालं त्याच दिवशी पुरिंगनं स्वयंपाकघर परत ताब्यात घेतलं. पण तुरीच्या हंगामात एक रविवार तिनं तेरियोला देऊन टाकला. त्या दिवशी फणस चुलीवरून कधी उतरवायचा, ते मिनाद कुंपणापलीकडून ओरडून सांगते. तेरियो तिचं कधीच ऐकत नाही.