कोड्यातला दगड

शब्दकोडं मी पेनाने सोडवते. पेन्सिल आणि खोडरबर घेऊन बसणाऱ्यांबद्दल माझ्या मनात आकस नाही, फक्त त्यांनी माझ्या शेजारी बसू नये. ही मिजास बाबांकडून आलेली. ते छापखान्यात मुद्रितं तपासायचे, आणि दुसऱ्याची चूक सापडली की त्यांचा दिवस चांगला जायचा. माझाही जातो.

घोडबंदर रोडवरच्या आमच्या ऑफिसातल्या एकीने जिओकॅशिंगचं सांगितलं, तेव्हा मी लगेच ॲप घेतलं. कुणीतरी कुठेतरी एक डबी लपवतं आणि ॲपवर खुणा देतं. शोधणाऱ्याने डबी उघडायची, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि ती होती तिथे परत ठेवायची. बहुतेकांच्या खुणा म्हणजे नकाशावरचे नुसते आकडे. पण वर्तकनगरातल्या आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर, एका तळ्याकाठी लपवलेल्या डबीसाठी चक्क तीन शब्दकोडी होती, तीही मराठीत. मी त्याच दुपारी डोंबिवलीला बाबांना फोन लावला.

त्याला कारण होतं. माझे काका, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, शेवटच्या वर्षांत स्वतःच्या घराचा रस्ता विसरले होते. तेव्हापासून बाबा रोजचं कोडं परीक्षेला बसल्यासारखे सोडवायचे. मग डोळे अधू झाले, पेपरातलं बारीक अक्षर दिसेना आणि परीक्षाच बंद पडली. आपलं डोकं शाबूत आहे की नाही, हे ताडून बघायला त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं. ते शाबूत आहे हे मला त्यांना दाखवून द्यायचं होतं.

पहिलं कोडं मीच उडवलं. ‘तीन अक्षरं. पहिलं झाकलंत तर वळते, काहीच झाकलं नाहीत तर वाकून उभी राहते.’ वळते ती मान, वाकून उभी ती कमान. तळ्याकडे उतरायच्या वाटेवर एक जुनी कमान आहेच. दुसरं बाबांना वाचून दाखवलं: ‘शेवटचं झाकलंत तर माझ्यात पाणी भरा, पहिलं झाकलंत तर क्षणात संपतो.’

“पिंप. पळ. पिंपळ,” बाबा म्हणाले. “पुढचं वाच.”

‘पहिलं झाकलंत तर चढून जा, मधलं झाकलंत तर लपून बस.’ इथे मी अडले. पलीकडे बाबा अक्षरं पुटपुटत राहिले. मग आईला “अगं, तो मिक्सर बंद कर जरा” असं ओरडून ते म्हणाले, “दगड! गड आणि दड. अगदीच सोपं आहे.” त्यांचा आवाज एकदम तरणा झाला होता. मला इतका आनंद झाला की डबी मिळाल्यातच जमा धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. कमान ओलांडली, पुढे पिंपळही सापडला. त्याच्या बुंध्याशी शेंदूर फासलेला देव होता, समोर जास्वंदीची फुलं आणि हळदीकुंकवाने माखलेली एक स्टीलची डबी. मी चपला काढल्या, नमस्कार केला आणि दगड शोधायला लागले. पाऊण तास वाकून वाकून कंबर धरली. दगड नव्हताच.

“बाबा, तिथे दगड नाहीये,” मी फोनवर सांगितलं. “मी सगळं बघून आलेय. तुमचं चुकलंय.”

“असेल,” ते म्हणाले.

वाद घातला नाही. वयाने निवळलेत, असं मला वाटलं. मी आपली दुसरे शब्द बसवत राहिले. पुढचे चार दिवस फोन आईच उचलायची आणि म्हणायची, “ते जरा पडलेत गं.”

पाचव्या दिवशी हट्ट सोडून मी डबी लपवणाऱ्याला ॲपवरच विचारलं. त्याने डबी ठेवली त्या दिवशीचा फोटो पाठवला. पिंपळाचा बुंधा, त्याला टेकलेला बोडका काळा दगड आणि दगडामागे स्टीलची डबी. दगडाचा आकार मी लगेच ओळखला. मधल्या काळात कुणीतरी त्याला शेंदूर लावला होता, आणि मागची डबीही पुढे आणून पूजेत घेतली होती. आमच्यात एकदा शेंदूर लागला की त्याला कुणी दगड म्हणत नाही, त्यामुळे मला तो दिसलाच नव्हता. चपला काढून ज्याला नमस्कार केला, तोच नाही म्हणून मी बाबांना चूक ठरवून मोकळी झाले होते.

हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. तशीच डोंबिवलीला गेले आणि बाबांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, हसतील. ते हसले नाहीत.

“म्हणजे दगड बरोबर होता?”

“हो.”

“नक्की? माझं मन राखायला म्हणत नाहीस ना?”

मी फोटो मोठा करून दिला. त्यांनी फोन नाकाशी धरून तो कितीतरी वेळ पाहिला. मग आई स्वयंपाकघरात आहे याची खात्री करून हळूच म्हणाले, “चार दिवस तुझ्या आईला हाक मारायच्या आधी मी तिचं नाव मनात म्हणून बघत होतो.”

मग “चूक माझी होती” असं मी दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा मोठ्याने, आत आईलाही ऐकू जाईल असं.