आधी विरोधी बाजू

चहा ओतलाय, घ्या. आणि ऐकून झाल्यावर मला मूर्ख म्हणायचं असंल तर खुशाल म्हणा, घरातल्या सगळ्यांनी म्हणून झालंय. शिकवायची खोड माणसाला कुठवर नेते, तेवढं आज सांगतो तुम्हाला.

मी परंड्याच्या ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवतो. त्या वर्षी माझ्या डोक्यात युक्तिवाद-लेखन शिरलं होतं. फळ्यावर रोज पाच शब्द: दावा, पुरावा, प्रतिवाद, खंडन, निष्कर्ष. म्हणजे आधी आपलं म्हणणं ठामपणे मांडायचं, त्याला आधार द्यायचा. मग समोरचा काय आक्षेप घेईल ते आपणच सांगायचं, ते खोडून काढायचं आणि शेवटी निकाल द्यायचा. "विरोधी बाजू लपवू नका," मी घसा फोडून सांगायचो, "तुम्हीच मांडा. मग वाचणारा तुमच्यावर विश्वास ठेवतो." पोरं लिहून घ्यायची आणि परीक्षेत विसरायची. मी मात्र विसरलो न्हाय, घोटाळा तिथंच झाला.

आता आमचा विनोद. थोरल्या भावाचा मुलगा, परंड्यात ठिबकच्या सामानाचं दुकान चालवतो. वय बत्तीस, अन् अकरा ठिकाणाहून नकार आलेला. वहिनींनी तर लग्नाकार्याला जायचंच सोडलं होतं. गेलं की बायका विचारणार, विनोदचं कुठं जमलं का? लई वाईट वाटायचं हो त्यांच्याकडं बघून. अशात तेरखेड्याचं स्थळ आलं. मुलगी अश्विनी, डी.एड. झालेली, खाजगी शाळेत शिकवणारी. दोन्हीकडून पसंतीचा रंग दिसत होता, फक्त बैठक व्हायची बाकी होती.

"बापू," दादा मला म्हणाला, "बोलायचं तू. मला चारचौघांत धड बोलता येत न्हाय."

झालं! गाडीत बसल्या बसल्या मी कागदावर मुद्दे काढले. खरंच काढले, हसू नका.

दादा, वहिनी, विनोद अन् मी तेरखेड्याला पोचलो. पाणी झालं, पोहे आले. समोर मुलीचे वडील आणि तिचे मामा. मामा एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर, नजर अशी की खिशातलं तिकीट बाहेरूनच दिसावं. अश्विनी दारापाशी आईजवळ बसली होती.

"बोला सर," मामा म्हणाले.

मी बोललो. आमचा विनोद तुमच्या मुलीला सुखात ठेवील, हा दावा. चालतं दुकान, विहिरीखालची पाच एकर, सुपारीचंसुद्धा व्यसन न्हाय, हा पुरावा. सगळ्यांच्या माना हलत होत्या. दुसरा कुणी शहाणा असता तर इथं थांबून त्यानं पोह्याची प्लेट उचलली असती.

"आता," मी म्हणालो, "विनोदच्या विरोधात काय काय आहे ते बघू."

दादाचा पोह्याचा घास तोंडापाशीच राहिला.

"एक, पोरगा तापट आहे. मागं एका गिऱ्हाइकावर पाईप उगारला होता. दोन, सकाळी आठच्या आत उठत न्हाय. तीन, आजवर अकरा ठिकाणी नकार आलाय."

"अकरा?" मामा पुढं सरकले.

"व्हय. गाववार सांगू का?"

"काका," विनोद खालच्या आवाजात म्हणाला.

"थांब रे, खंडन यायचंय अजून."

मामांनी खिशातून पेन काढलं आणि पोह्याखालच्या पेपरावर लिहायला सुरुवात केली. आता मला सांगा, वर्गात अठ्ठावीस वर्षांत एवढं मन लावून माझं कुणी उतरवून घेतलं होतं का? मग काय, मी रंगातच आलो.

"घोरतो का?" मामांनी विचारलं.

"घोरतो. ह्याचा प्रत्यक्ष पुरावा मी स्वतःच. गावाकडं एकत्रच घर आमचं, मी शेजारच्या खोलीत झोपतो."

मामांनी तेही लिहिलं. एवढ्यात अश्विनीच्या आईनं खुणावलं, तसे मामा आणि वडील उठून मायलेकींबरोबर आत गेले. माझं खंडन कागदावरच राहिलं. चार मुद्दे होते, एकापेक्षा एक जोरदार.

बाहेर आम्ही तेवढे उरलो. दादानं माझ्याकडं बघितलं. "बापू, तू आपल्याकडनं आलायस का त्यांच्याकडनं?"

वहिनींनी पदर डोळ्याला लावला. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. बारावा नकार, आणि तो मी स्वतःच्या तोंडानं मिळवलेला. विनोदकडं बघायची माझी हिंमत होईना.

पाच-दहा मिनिटांनी सगळे बाहेर आले. बोलायला मात्र अश्विनीच पुढं झाली.

"मला मुलगा पसंत आहे," ती म्हणाली. "आजवर आलेल्या कुठल्याच स्थळानं एवढं खरं सांगितलं न्हाय. तापट न् झोपाळू तर आमचे भाऊबी हायेत."

मी दादाकडं असं बघितलं म्हणता! मान ताठ, छाती पुढं. पद्धत म्हणजे पद्धत.

"फक्त एक विचारायचं होतं."

"विचार की, बेटा," मी खंडनाचा कागद उलगडत म्हणालो.

ती माझ्याकडं बघेचना. दादाला म्हणाली, "हे सर लग्नानंतरबी त्याच घरात राहणार का?"

आणि चारचौघांत धड बोलता न येणारा माझा सख्खा भाऊ, प्रश्न पुरा व्हायच्या आत म्हणाला, "छे छे, त्याची परंड्यात खोली ठरलीय."

साखर वाटली, मामांनी मला दोनदा मिठी मारली. येताना गाडीत सगळे खुशीत होते, वहिनी तर गाणं गुणगुणत होत्या. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

विनोदनं घरी काकूला, म्हणजे माझ्या बायकोला, फोनवर सगळं सांगितलं होतं. आम्ही पोचलो तर ती दारात हसतमुख उभी, आणि शेजारी बॅग भरून ठेवलेली. उचलून बघितली, आत नुसते माझेच कपडे.

"अगं, आणि तुझी बॅग?"

"मला कशाला?" ती म्हणाली. "पोरीनं तुमचंच विचारलंय न्हवं?"